जर्मनीतल्या युथ सेंटरमधलं माझं व्हॉलंटियरिंगचं वर्ष

परदेशात वर्षभर व्हॉलंटियरिंग केलंस म्हणजे नक्की काय केलंस, खर्च कोणी केला, आणि तुझा तिथे उपयोग तरी काय झाला, हे तीन प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलेत की आता एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर मला स्वतःला सापडायलाच खूप महिने लागले, त्यामुळे ते ओघात येईल.

मी २०२२ च्या शरद ऋतूत जर्मनीच्या रूर भागातल्या एका मध्यम शहरात, एका युथ सेंटरमधे गेले. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे तिथल्या मुलांबद्दल लिहिणार आहे आणि ती मुलं ओळखू येऊ नयेत. रूर म्हणजे एसेन, बोखुम, डॉर्टमुंड, गेल्सनकिर्शन ही सगळी एकमेकांना चिकटलेली शहरं, एके काळी कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने, शेवटची दगडी कोळशाची खाण बोट्रॉपला २०१८ च्या डिसेंबरमधे बंद झाली. १९६१ मधे जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला त्यानंतर जी कुटुंबं आली त्यांची नातवंडं आता इथे शाळेत आहेत, शिवाय २०१५ च्या सुमाराला सीरियातून आलेली कुटुंबं, आणि मी पोचले तेव्हा युक्रेनमधून नुकतीच आलेली मुलं. आमच्या सेंटरमधे एका टेबलाभोवती पाच-सहा भाषा सहज ऐकू यायच्या.

आधी शोधाशोधीबद्दल सांगते कारण खरी चाळणी तिथेच लागते. नेटवर परदेशी व्हॉलंटियरिंग शोधलं की ढीगभर जाहिराती येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तुम्हीच भरभक्कम फी भरायची, दोन-तीन आठवडे जायचं, मुलांबरोबर फोटो काढायचे आणि परत यायचं. मी यातल्या अनाथाश्रमवाल्या सगळ्या जाहिराती सरळ बाजूला केल्या आणि तुम्हीही कराव्यात असं मी अगदी ठामपणे सांगेन. दर काही आठवड्यांनी नवा माणूस येणार, जीव लावणार आणि निघून जाणार, हे लहान मुलांच्या मनाला फार महागात पडतं, आणि काही देशांत तर आईवडील असलेल्या मुलांनाही परदेशी पाहुण्यांच्या पैशासाठी अशा संस्थांमधे ठेवलं जातं. २०१९ मधे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमातल्या व्हॉलंटियरिंगमुळे होणाऱ्या नुकसानाचा उल्लेख केला आहे, म्हणजे हे फक्त माझं मत नाही.

मला हवं होतं ते असं की काम निदान वर्षभराचं असावं, वर कोणीतरी जबाबदार असावं आणि मी एकटी मुलांबरोबर सोडलेली नसावी. मला सापडलं ते वेल्टवेर्ट्स. जर्मन सरकारच्या विकास-सहकार्य मंत्रालयाने २००८ मधे ते सुरू केलं, आधी फक्त जर्मन तरुणांना बाहेर पाठवायला, मग २०१३ पासून उलट दिशेनेही, म्हणजे आशिया-आफ्रिका-लॅटिन अमेरिकेतले १८ ते २८ वयाचे तरुण जर्मनीत यायला लागले. जर्मनीत आल्यावर कायद्याच्या भाषेत तुम्ही बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट करता, हा लांबलचक शब्द कोणी उच्चारत नाही, सगळे व्हॉलंटियरला बुफ्दी म्हणतात. जर्मनीने २०११ मधे सक्तीची लष्करी सेवा स्थगित केली, त्याबरोबर तिला पर्याय म्हणून तरुण जी नागरी सेवा करायचे, हॉस्पिटलं वृद्धाश्रम वगैरे ठिकाणी, तीही बंद झाली, आणि ती पोकळी भरायला ही योजना १ जुलै २०११ पासून आली. राहायची सोय, महिन्याचा हातखर्च, आरोग्य विमा, सोशल सिक्युरिटीचे हप्ते, सगळं त्यात. मी प्लेसमेंटसाठी फी म्हणून काही भरलं नाही. हातखर्चातून साठवून घरी पाठवू असं कोणी मनात धरलं असेल तर ते होणार नाही, तेवढे पैसे नसतातच, पण नीट राहता येतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. तुमचा करार तुम्ही, तुमची संस्था आणि कोलोनमधलं या योजनेचं फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं ऑफिस असा सगळ्यांच्या सहीचा असतो, तो हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. मुलांबरोबर काम आहे म्हणून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, भाषेचं प्राथमिक सर्टिफिकेट, राहण्याच्या जागेचा पुरावा. पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, ते नसेल तर नोंदणी नाही आणि नोंदणी नाही तर बँक खात्यापासून सगळंच अडतं. मग व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून रेसिडेन्स परमिट. आमच्या इथल्या ऑफिसची अपॉइंटमेंट मिळता मिळत नव्हती आणि ते आठवडे मी खरोखर टेन्शनमधे काढले, शेवटी सेंटरच्या प्रमुख बाई स्वतः माझ्याबरोबर सकाळी जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. संस्था चांगली असण्याचा अर्थ मला तिथे कळला.

आता काम. माझ्या डोक्यात होतं की मी काहीतरी शिकवीन, वर्कशॉप घेईन, प्रोजेक्ट करीन, शेवटी रिपोर्ट असेल. पहिल्या दिवशी मला सांगितलं गेलं की दुपारी दार उघडायचं, कॉफी-चहा आणि कापलेली फळं ठेवायची, किकर म्हणजे टेबलावरच्या फुटबॉलचे बॉल आहेत का बघायचं, आणि असायचं. बस्स. हजेरी नाही, अभ्यासक्रम नाही, मुलांना वाटलं तर येतील आणि वाटलं तर अर्ध्या तासात उठून जातील, कोणी विचारणार नाही. जर्मनीच्या सामाजिक कायद्याच्या आठव्या भागात युथ वर्कची जी व्याख्या आहे तिच्यात लिहिलेलंच आहे की ते तरुणांच्या आवडीनिवडीला धरून असावं आणि त्यांनी स्वतः त्यात ठरवावं आणि घडवावं. वाचायला छान वाटतं पण रोज संध्याकाळी ते प्रत्यक्ष करणं फार कठीण, कारण तुम्हाला आपण काहीतरी केलं असं वाटतच नाही.

पहिले काही महिने मी जवळजवळ गप्प होते. वर्गात शिकलेलं जर्मन आणि चौदा वर्षांच्या मुलाचं जर्मन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी काउंटरमागे उभी राहायचे, पूल टेबलच्या, म्हणजे बिलियर्डसारख्या खेळाच्या काठ्या द्यायचे, परत घ्यायचे, नावं पाठ करायचे. नावं हीच माझी पहिली खरी कमाई, दुसऱ्या वेळी आलेल्या मुलाला नावाने हाक मारली की त्याचा चेहरा बदलतो. आणि मला भाषा येत नाही याचा एक फायदा झाला जो कोणीच आधी सांगितला नव्हता, मुलं मला सुधारायला लागली. एक पंधरा वर्षांचा मुलगा, शाळेत जर्मनमधे कायम नापास, तो रोज माझ्या चुका काढायचा, एकही सोडायचा नाही, आणि मी वहीत लिहून घेतेय हे बघून तो अजून काळजीपूर्वक सांगायला लागला. आमच्या टीममधले एक जुने सोशल वर्कर म्हणाले की याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी भाषेबद्दल विचारतंय. हे मला कुठल्याही वर्कशॉपमधून जमलं नसतं.

युक्रेनची एक मुलगी रोज यायची, जॅकेट न काढता किकरच्या बाजूला बसायची आणि बंद व्हायच्या वेळी जायची. तिच्याशी बोलायला मला भाषा नव्हती आणि तिला माझ्याशी बोलायला नव्हती. आमच्या प्रमुखांनी एकच सूचना दिली होती, तिच्या मागे लागू नकोस, पण तिला दिसशील अशी रहा. मग मी तिच्या जवळच्या टेबलावर बसून कागदाच्या घड्या घालायला लागले, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं काहीतरी आणि नोव्हेंबरात तिथे सेंट मार्टिनच्या मिरवणुकीसाठी मुलं कंदील करतातच, तर तेच. किती दिवस गेले सांगता येणार नाही, पण एका संध्याकाळी तिने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं आणि कात्री मागितली. टीमच्या रोजच्या वहीत त्या दिवशी मी फक्त तेवढंच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमधे सगळे त्याबद्दल बोलत होते. अशा गोष्टीला काम समजणारी माणसं आजूबाजूला असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे.

हिवाळा मात्र अवघड गेला, हे लपवून उपयोग नाही. डिसेंबरमधे साडेचारच्या आत अंधार पडतो, मी कामाला जाताना ढगाळ आणि बाहेर पडताना काळोख, सुट्टीच्या दिवशी सगळी दुकानं बंद आणि सगळे आपापल्या घरच्यांबरोबर. फोनवर घरच्यांशी बोललं की बरं वाटण्याऐवजी अजून एकटं वाटायचं. याला मला लागू पडलेली औषधं दोन, एक म्हणजे शहरातल्या एका कोरसमधे नाव घातलं, गाता येत नसलं तरी चालतं असं त्यांनीच सांगितलं, आणि दुसरं म्हणजे सेमिनार.

सेमिनारबद्दल जरा जास्त लिहिते. २७ वर्षांखालच्या बुफ्दीला बारा महिन्यांत २५ सेमिनारचे दिवस असतात आणि ते कामाचेच दिवस धरतात. आमच्या गटात टोगो, युगांडा, पेरू, मेक्सिको, व्हिएतनाम अशा ठिकाणचे लोक होते, कोणी वृद्धाश्रमात, कोणी किंडरगार्टनमधे, कोणी अपंग व्यक्तींच्या वर्कशॉपमधे. तिथे पहिल्यांदा उघडपणे बोललं गेलं की ट्राममधे फक्त आपल्यालाच तिकीट विचारलं जातं का, वृद्धाश्रमातल्या आजी हात लावू देत नाहीत तेव्हा काय करायचं, टीमला सांगायचं की गिळायचं. युगांडाच्या मैत्रिणीने तिच्या ठिकाणचा अनुभव सांगितला आणि सेमिनारवाल्यांनी ते ऐकून सोडून दिलं नाही, तिच्या संस्थेशी बोलले, काही बदललं नाही तेव्हा तिला दुसरी जागा शोधून दिली. जागा बदलायची सोय आहे का, हा प्रश्न जायच्या आधी विचारायचा असतो.

त्याच सेमिनारमधे या सगळ्याचा इतिहासही सांगितला. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मधे पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने फ्रान्समधे व्हर्दंजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक नेले, त्यात कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते, घरं आणि रस्ते दुरुस्त करायला. लोकांचा विरोध वाढला आणि काम अर्ध्यावर थांबलं, पण त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही स्वयंसेवकांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. हाच माणूस १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मुझफ्फरपूर भागात येऊन गावं उभारायच्या कामात राहिला. मी एवढी वर्षं समजत होते की स्वयंसेवक म्हणजे श्रीमंत देशातून गरीब देशात जाणारा माणूस, आणि इथे तर सुरुवातच युरोपातल्या एका पडक्या गावातून झालेली.

सगळ्यात गंभीर प्रसंग फेब्रुवारीच्या सुमाराला आला. एक लहान मुलगी, मी नाव-वय काही सांगत नाही, बंद व्हायच्या वेळी माझ्याजवळ आली आणि म्हणाली की तुला एक सांगते पण कोणाला सांगायचं नाही असं प्रॉमिस कर. ट्रेनिंगमधे हे आम्हाला अक्षरशः घोकून घेतलं होतं, असं प्रॉमिस कधीही करायचं नाही. मी तिला माझ्या तोडक्या जर्मनमधे म्हटलं की मी ऐकीन आणि तुझी काळजी घेईन, पण तुला कोणी त्रास देत असेल तर मला मदत बोलवावी लागेल आणि कोणाला बोलावते ते तुला सांगूनच बोलवीन. तिने थोडा वेळ विचार केला आणि मग सांगितलं. घरातल्या मारहाणीबद्दल होतं. मी खोदून प्रश्न विचारले नाहीत, तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले, आणि त्याच संध्याकाळी प्रमुखांना सांगितलं. पुढे काय करायचं याची पद्धत ठरलेली आहे, टीम मिळून धोका किती ते बघते, बालसंरक्षणाच्या अनुभवी तज्ज्ञाला विचारतात, गरज पडली तर युगेंडआम्ट म्हणजे मुलांच्या कल्याणाचं सरकारी ऑफिस येतं. २००० सालापासून जर्मनीत मुलांना मारहाणीशिवाय वाढवलं जाण्याचा हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे हा घरचा मामला आहे असं म्हणून कोणी बाजूला होत नाही. मला नंतर पुढचं फार सांगितलं गेलं नाही आणि ते बरोबरच होतं, पण ती मुलगी येत राहिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी मला बाहेर चालायला नेलं आणि तासभर बोलू दिलं. मला खरंच वाटतं की बावीस-तेवीस वर्षांच्या परक्या मुलीच्या डोक्यावर हे ओझं एकटीने यावं असं कुठल्याही संस्थेने होऊ देऊ नये, आणि ज्या संस्थेत ट्रेनिंग नाही, ठरलेली पद्धत नाही, तिथे मुलांबरोबर काम करायला जाऊच नये, देश कितीही सुंदर असो.

वसंतात भाषा एकदम सुटली. मुलांची स्वतःची हाउस मीटिंग असायची, बारा वर्षांपासून पुढचे सगळे, तिथे नवीन प्लेस्टेशन घ्यायचा की सायकल दुरुस्तीचं सामान, यावर भांडण, मग मतदान, मग हरलेल्या गटाची पुन्हा चर्चेची मागणी. मोठ्यांना मत एकच, बाकीच्यांइतकंच. सायकलवाले जिंकले आणि मागच्या अंगणात दर गुरुवारी सायकली उलट्या करून ठेवलेल्या दिसायला लागल्या.

आणि २७ मे २०२३ ची दुपार. फुटबॉल न कळणाऱ्यांसाठी सांगते, या भागात डॉर्टमुंड आणि शाल्के या दोन क्लबांचं वैर हे घराघरातलं आहे, आमच्या सेंटरमधे डॉर्टमुंडचे पिवळे-काळे आणि शाल्केचे निळे-पांढरे असे सरळ दोन भाग. सीझनचा शेवटचा दिवस, डॉर्टमुंड जिंकलं तर चॅम्पियन, शाल्के हरलं तर खालच्या लीगमधे. आम्ही शनिवारी मुद्दाम सेंटर उघडलं आणि दोन खोल्यांत दोन स्क्रीन लावले. डॉर्टमुंडची माइन्सशी बरोबरी झाली, म्युनिकच्या बायर्न क्लबने त्यांच्या मॅचमधे एकोणनव्वदाव्या मिनिटाला गोल करून टायटल नेलं, आणि शाल्के लाइपत्सिगकडून हरून खाली गेलं. दोन्ही खोल्यांत एकाच वेळी मुलं रडत होती. चिडवाचिडवी होईल म्हणून आम्ही मोठे मधे पॅसेजमधे तयार उभे होतो, पण झालं असं की निळ्या खोलीतली मुलं बाहेर आली, पिवळ्यांकडे बघितलं, आणि कोणी काही बोललं नाही, सगळे मिळून अंगणात जाऊन बसले. त्या मुलांत तुर्की, सीरियन, जर्मन, पोलिश सगळे होते आणि ती युक्रेनची मुलगीही, निळा मफलर घालून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांचे खेळांचे आठवडे असतात, फेरियनश्पीलं, तेव्हा सकाळपासून काम आणि जबाबदारी खूप. तोपर्यंत मी युलाइकाचं ट्रेनिंग केलं होतं, युवा कार्यकर्त्यांचं देशभर चालणारं ओळखपत्र आहे ते, निदान तीस तासांचं प्रशिक्षण, त्यात कायदा, खेळ, भांडणं सोडवणं, प्रथमोपचार वगैरे. पोहायला न्यायचं तर प्रत्येक मुलासाठी पालकांची लेखी परवानगी, आणि सीपफर्डशन हा सुरुवातीचा बॅज असला म्हणून मुलाला पोहता येतं असं धरायचं नाही, निदान ब्राँझ बॅज हवा. फोटो काढायचा तर तीही परवानगी वेगळी. सुरुवातीला मला हे सगळं फार कागदी वाटायचं, पण तलावाकाठी यादी हातात धरून डोकी मोजताना ते अजिबात कागदी वाटत नाही.

तर उपयोग काय झाला? मी नसते तर ते सेंटर बंद पडलं नसतं, कायद्यानेच बुफ्दीने पगारी माणसाची जागा घ्यायची नसते. माझा उपयोग एवढा झाला की टीममधल्या सोशल वर्करला ऑफिसात एका मुलाबरोबर दार बंद करून शांतपणे बसता आलं कारण बाहेर मी होते. काही मुलांना त्यांच्यापेक्षा कमी जर्मन येणारी मोठी व्यक्ती भेटली आणि तिला शिकवता आलं. आणि मला युथ वर्क हा अभ्यासाचा, शिकून करायचा व्यवसाय आहे हे कळलं, मी आता त्यातच पुढे शिकतेय.

कोणी जायचा विचार करत असाल तर देश निवडायच्या आधी संस्थेला हे विचारा. माझा रोजचा मार्गदर्शक कोण, आणि टीमबाहेरचाही कोणी मार्गदर्शक आहे का. मुलांच्या सुरक्षेचं लेखी धोरण आहे का आणि ते मला वाचायला मिळेल का. सेमिनार किती. खोली कोणाबरोबर, किती लांब. आजारी पडले तर विमा कधीपासून लागू. जमलं नाही तर जागा बदलता येते का. आधीच्या व्हॉलंटियरशी बोलायला मिळेल का, हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि संस्था यावर टाळाटाळ करायला लागली तर मी तरी तिथे जाणार नाही. माझ्या जागी जो मुलगा येणार होता त्याने मला जायच्या आधी फोन केला होता, आम्ही बराच वेळ बोललो, आणि मी त्याला कागदपत्रांपेक्षा जास्त वेळ मुलांची नावं सांगत बसले. अर्ज साधारण वर्षभर आधी सुरू करा, व्हिसाला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि भाषेचा क्लास आजच लावा.